घरात आजारपण, मंडळी सुटली, प्रार्थना होत नाही… काय करावं?

एका बहिणीचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"आम्ही जुळे सोलापुरात राहतो. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका येऊन दीड वर्ष झालं. उजवी बाजू गेली, बोलणं अस्पष्ट आहे, सगळं अंथरुणावरच. यजमान नोकरीसाठी हैदराबादला, महिन्यातून एकदा येतात. मुलगा पुण्याला. सुरुवातीला मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चचे लोक यायचे, आता कुणी येत नाही. माझंही रविवारी चर्चला जाणं बंद झालं. प्रार्थनेला बसले की डोळा लागतो, नाहीतर रडू येतं. वचन वाचते, पण आत काही जात नाही. कधी कधी सासूबाईंचा इतका राग येतो की माझी मलाच भीती वाटते. हे एकदाचं संपावं असं मनात येतं. सगळे म्हणतात, धीर धरा, प्रभू बघतोय. धीर धरायचा म्हणजे मी नक्की काय करायचं?"

प्रभूत सलाम, ताई.

मी आयुष्यभर नर्सिंग केलं. निवृत्तीनंतर मंडळीच्या वतीनं आजाऱ्यांच्या घरी जाण्याचं काम करते. त्यामुळे तुमच्या घरासारखी घरं मला आतून माहीत आहेत: डेटॉलचा वास, खिडकीत वाळत घातलेल्या चादरी, आणि दार उघडणाऱ्या बाईचं "या की ओ सिस्टर, बसा" म्हणतानाचं हसू, जे स्वयंपाकघरात गेल्यावर टिकत नाही. म्हणून "नक्की काय करायचं" या तुमच्या प्रश्नाला मी तसंच नक्की उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. प्रार्थनेत डोळा लागतो याचा अर्थ तुमचा विश्वास आटला असा लावू नका. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, मध्ये लंगोट बघायचा, पहाटे औषध, आणि सोलापुरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही म्हणून एक कान तिकडे. असं दीड वर्ष ज्याला सलग चार तास झोप मिळालेली नाही, तो माणूस कुठंही टेकला की झोपणारच. गेथशेमाने बागेत प्रभू प्रार्थना करत असताना पेत्र, याकोब आणि योहान हे शिष्य झोपले तेव्हा प्रभूनं त्यांना दोनदा हटकलं खरं, पण देह अशक्त आहे हेही त्याच तोंडानं सांगितलं.

पवित्र शास्त्रात थकलेल्या माणसाची सर्वांत सविस्तर हकिकत एलीया संदेष्ट्याची आहे, पहिले राजे, अध्याय 19. ती आपण संडे स्कूलपासून ऐकतो, पण बहुतेक वेळा घाईनं "मंद, हळू वाणी"पर्यंत पोचतो. मी तुम्हाला तिच्या अलीकडेच थांबायला सांगणार आहे. कर्मेल डोंगरावर मोठा विजय झालेला आहे. पण ईजबेल राणीचा निरोप येतो की उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेते, आणि हा माणूस पळत सुटतो. बैर-शेब्याला पोचल्यावर आपल्या चाकराला तिथंच ठेवतो आणि एकटाच अरण्यात एक दिवसाची वाट चालून जातो. हे एकटं जाणं लक्षात ठेवा. थकलेला माणूस पहिल्यांदा हेच करतो, सोबतीला असलेलं एकुलतं एक माणूसही मागे ठेवतो. मग रतामाच्या झुडपाखाली बसून तो म्हणतो, देवा, आता पुरे, माझा जीव घे. आणि झोपतो.

आता देव काय करतो बघा. त्याच्या विश्वासाची तपासणी करत नाही, काल एवढा चमत्कार बघितलास, आज असं कसं बोलतोस, असंही विचारत नाही. दूत येतो, त्याला स्पर्श करतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा आहे. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. दूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हाही तेच: ऊठ, खा, पुढची वाट लांब आहे. भाकर, पाणी, झोप, पुन्हा भाकर. ते झाल्यावर चाळीस दिवसांची वाट, आणि त्यानंतर होरेबच्या गुहेत देवाचा प्रश्न: एलीया, तू इथं काय करतोस? एलीया सगळं गाऱ्हाणं मांडतो, मी एकटाच उरलो आहे म्हणतो. वारा, भूकंप, अग्नी, मग ती मंद वाणी आणि पुन्हा तोच प्रश्न. एलीया शब्दाचाही फरक न करता तेच गाऱ्हाणं पुन्हा सांगतो. देव दोन्ही वेळा ऐकून घेतो. तुम्ही रोज तेच ते रडगाणं देवापुढे घेऊन जाता असं तुम्हाला वाटत असेल, तर हा अध्याय उघडून बघा.

यातून तुमच्यासाठी पहिलं काम निघतं ते आध्यात्मिक वाटणार नाही. रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी 12 आणि रक्तदाब. मंडळीतल्या किती बायका "माझी प्रार्थना कोरडी पडली" म्हणत माझ्याकडे आल्या आणि तपासल्यावर त्यांचं हिमोग्लोबिन आठच्या आसपास निघालं, याची मी मोजदादच सोडून दिली. सासूबाईंना वेळेवर पेज भरवून स्वतः दुपारी तीनला उभ्याउभ्या कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाणारी सून मी घरोघरी बघते. भाकरीला माझा विरोध नाही, पण ती वेळेवर आणि बसून खा. आणि यजमान महिन्यातून एकदा येतात त्या दोन रात्री सासूबाईंची पाळी त्यांची. आई त्यांची आहे. तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा आणि हाक आली तरी उठू नका. जमणार नाही त्यांना, असं तुम्ही म्हणाल. जमतं. कूस कशी बदलायची, पाठीमागे उशी कशी लावायची, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, माकडहाडावर लाली दिसते का ते बघायचं, एवढं एकदा दाखवलं की पुरुषांनाही जमतं. हवेची गादी आणली असेल तरी कूस बदलावीच लागते, हेही त्यांना सांगा.

आता एकटेपणाकडे येते. हा भाग मोठा आहे, आणि इथं बहुतेक उपदेश कमी पडतात.

प्रेषित पौलाचं आपल्या सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र तुम्ही वाचलं असेलच. "मी सुयुद्ध केले आहे, धाव संपवली आहे" हे वाक्य आपण अंत्यविधीला वाचतो आणि पत्र तिथंच बंद करतो. त्याच्या पुढच्या ओळी वाचा. पौल रोममध्ये कैदेत आहे. देमास मला सोडून थेस्सलनीकेला गेला, असं तो नाव घेऊन सांगतो. माझ्याजवळ फक्त लूक आहे म्हणतो. पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूला कुणीही उभं राहिलं नाही, हेही लिहितो. आणि मग मागतो. मार्काला घेऊन ये. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण. पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. आणि हिवाळ्यापूर्वी ये.

ज्या माणसानं फिलिप्पैकरांना "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे" असं लिहिलं, तोच माणूस थंडी वाजते म्हणून झगा मागतो आहे. कुठला झगा, कुणाकडे आहे, कधीपर्यंत हवा, सगळं स्पष्ट. त्याच पत्रात प्रभू माझ्याजवळ उभा राहिला, त्यानं मला बळ दिलं, असंही तो लिहितो. या दोन गोष्टी त्याला एकमेकींच्या विरुद्ध वाटत नाहीत. आपल्याला मात्र वाटतात. प्रभू पुरेसा आहे म्हणायचं तर मग माणसांकडे कशाला मागायचं, असा एक ताठा आपल्या लोकांत आहे, आणि त्याला आपण विश्वास म्हणतो. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात, सातव्या अध्यायात पौल मासेदोनियातले दिवस सांगतो: अंगाला स्वस्थता नव्हती, बाहेर भांडणं, आत भीती. दीनांचं सांत्वन करणाऱ्या देवानं आमचं सांत्वन केलं, असं तो म्हणतो. कशानं केलं? तीताच्या येण्यानं. एक ओळखीचा माणूस दारात आला.

म्हणून धीर धरणं म्हणजे दात-ओठ खाऊन एकट्यानं सोसत राहणं, हे माझ्या मते पवित्र शास्त्रातलं चित्र नाही. गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात मोशे देवाला विचारतो की या सगळ्या लोकांना मी जन्म दिला आहे काय, की दाईसारखं त्यांना उराशी धरून वाहू? हे ओझं मला एकट्याला झेपत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक. देव त्याला सहनशक्तीचा नवा साठा देऊन वाटेला लावत नाही, सत्तर वडील नेमतो. एलीयालाही शेवटी काम मिळतं ते अलीशाला सोबत घेण्याचं, आणि बआल दैवतापुढे गुडघे न टेकलेल्या सात हजारांची बातमी मिळते. पत्रात तुम्ही ज्या रागाबद्दल लिहिलंत, "हे एकदाचं संपावं" असं मनात येतं म्हणालात, ते मोशेच्या बोलण्याइतकंही कडक नाही. ते देवाला मोठ्यानं सांगा. न सांगता आत ठेवलेला राग भरवताना चमचा आपटण्यातून बाहेर पडतो. तो सासूबाईंना कळतो, नीट बोलता येत नसलं तरी. पण कधी हात उगारावासा वाटला, तर त्या क्षणी त्या सुरक्षित कुशीवर आहेत एवढं बघून खोलीबाहेर या, गॅलरीत उभ्या राहा, शेजारणीला हाक मारा. आणि त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

मंडळीतले लोक येईनासे झाले, याबद्दल. त्यांनी यायला हवं होतं. हे लिहायला मला संकोच वाटत नाही. पण ते का येत नाहीत तेही मला माहीत आहे, कारण त्यांच्या घरीही मी जाते. पहिले दोन महिने लोक येतात, कारण तेव्हा "झटका आला" ही बातमी असते. नंतर बातमी उरत नाही. आजारी माणसाला उतार पडला असं म्हणता येत नाही, वारलं असंही नाही. मग जाऊन बोलायचं काय? रिकाम्या हातानं कसं जायचं? गेलो आणि ती झोपली असली तर? अशा विचारात एक रविवार जातो, मग महिना जातो, मग इतके दिवस गेलो नाही म्हणून तोंड दाखवायची लाज वाटते. त्यातून आपल्या मंडळ्यांतली तरुण मुलं कामधंद्यासाठी पुण्याला, हैदराबादला गेली आहेत. उरलेल्यांत अर्ध्यांचे स्वतःचे गुडघे दुखतात आणि जुळे सोलापुरातला जिना चढवत नाही. यात दुष्टपणा फारसा नसतो, अवघडलेपण पुष्कळ असतं. आणि अवघडलेल्या माणसाला काम दिलं की तो मोकळा होतो.

रेल्वे लाइन्सच्या बाजूला एक घर आहे. रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ अंथरुणावर, बायको एकटी करणारी. महिला मंडळातल्या दोघींनी दर गुरुवारी चार ते सहा जायचं, असं आम्ही ठरवलं. पहिल्या गुरुवारी दोघी चांगल्या साड्या नेसून, पवित्र शास्त्र घेऊन गेल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या, एक स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली. साडेचारला सगळं संपलं. मग बाईंनी त्यांना चहा करून दिला. म्हणजे काम कुणाचं वाढलं? दुसऱ्या गुरुवारी मी त्यांना सांगून ठेवलं की गेल्या गेल्या काय निवडायचं आहे ते विचारा. बाईंनी मेथीची जुडी पुढे केली. दोघी खाली बसल्या, मेथी निवडता निवडता गृहस्थांशी जुन्या मिलच्या भोंग्याच्या गोष्टी निघाल्या. त्यांना शब्द सापडत नव्हते, पण डोळे चमकत होते. प्रार्थना झाली, दोन मिनिटांची, पाल्याच्या ढिगाऱ्यापाशी. आणि बाई त्या दोन तासांत कुठं गेल्या? कुठंच नाही. आतल्या खोलीत दार लोटून झोपल्या. सहाला बाहेर आल्या तेव्हा केस विस्कटलेले, गालावर उशीची सुरकुती. तो दिनक्रम अजून चालू आहे, माणसं बदलली तरी.

म्हणून "मला मदत करा" असं मोघम मागू नका. त्याला लोक "हो हो, सांगा की काही लागलं तर" म्हणतात आणि ते तिथंच राहतं. वार सांगा, वेळ सांगा, काम सांगा. पाळकांना फोन करून प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घरी आणायला सांगा. हा उपकार नाही, ते त्यांच्या सेवेत येतं, आणि रविवारी वेदीपाशी जे मिळतं तेच तुमच्या बैठकीच्या खोलीत मिळतं. सासूबाईंना गिळायला त्रास होत असेल तर ते आधी सांगून ठेवा, म्हणजे भाकरीचा कण भिजवून देता येईल. महिन्यातून एका रविवारी तरी दीड तास कुणी तुमच्या घरी बसेल आणि तुम्ही उपासनेला जाल, अशी पाळी लावायला सांगा. यूट्यूबवरची उपासना वाईट नाही, करोनाच्या काळात तिनं पुष्कळांना तारलं. पण पडद्यावरच्या पाळकाला तुम्ही आज आला नाहीत हे कळत नाही. शेजारच्या बाकावरच्या म्हातारीला कळतं.

आणि शेजारीण ख्रिस्ती नसेल तर तिची मदत घ्यायला लाजू नका. सोलापूर हे मराठी, तेलुगू, कानडी सगळ्यांच्या सरमिसळीचं गाव आहे. इथं सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, गड्ड्याच्या दिवसांत शेजारणीकडून ताट येतं आणि नाताळात आपल्याकडून करंज्या जातात. प्रभूच्या दाखल्यातला, जखमी माणसाला उचलणारा शोमरोनी आपल्या मंडळीतला नव्हता.

प्रार्थनेबद्दल आता. इथं मी तुम्हाला जरा लांब नेते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतात राहणारे ख्रिस्ती साधू होते. त्यांच्यातला एव्हाग्रियस, 399 साली वारला, त्यानं या कंटाळलेल्या, सुकलेल्या अवस्थेचं फार बारीक वर्णन केलं आहे. 91 व्या स्तोत्रात भर दुपारी घाला घालणाऱ्या संकटाचा उल्लेख आहे, त्यावरून तो तिला दुपारचं भूत म्हणतो. सकाळी दहाच्या सुमारास ते येतं. सूर्य हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा आहे, असं वाटायला लागतं. साधू सारखा खिडकीकडे बघतो, कुणी येतंय का म्हणून. राहती जागा नकोशी होते, हातातलं काम नकोसं होतं. आणि ते भूत त्याच्या मनात भरवतं की भावांमधली प्रीती आटली आहे, धीर द्यायला कुणी उरलेलं नाही. मे महिन्यात पारा 43 च्या वर गेलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही, पंखा गरम हवा फिरवतोय आणि आतल्या खोलीतून कण्हण्याचा आवाज येतोय. अशा दुपारी हे वर्णन वाचावं. सोळाशे वर्षांपूर्वी कुणी तरी तुमचीच दुपार लिहून ठेवली आहे.

त्यावरचा त्या लोकांचा उपाय मला पटतो, कारण तो भावनेवर विसंबत नाही. अंतोनी या साधूची गोष्ट अशी सांगतात की तो याच अवस्थेत देवाला म्हणाला, मला तरायचं आहे, पण हे विचार सोडत नाहीत, काय करू? बाहेर आला तर आपल्यासारखाच एक जण दिसला. तो बसून दोरी वळत होता, मग उठून प्रार्थना करत होता, पुन्हा बसून दोरी वळत होता, पुन्हा उठत होता. तो देवदूत होता. म्हणाला, असं कर म्हणजे तरशील. थोडं काम, थोडी प्रार्थना. लांबलचक तपश्चर्या त्यात नाही.

तुमच्या दिवसात हे बसतं. तासभर बसून प्रार्थना करायचा नेम तूर्त सोडून द्या. तुमच्या परिस्थितीत तो दोषी वाटायला लावतो, दुसरं काही करत नाही. त्याऐवजी कामांच्या सांध्यांना एकेक ओळ बांधा. सासूबाईंची कूस बदलली की "प्रभू, तिला सांभाळ, मला सांभाळ". पाणी भरायला लावलं की प्रभूची प्रार्थना एकदा. दुपारी भांडी झाली की एक स्तोत्र. एकच, आणि आठवडाभर तेच. रोज नवीन शोधू नका. थकलेल्या डोक्यात नवीन शिरत नाही, ओळखीचं मात्र आपोआप येतं. सकाळी मोबाइलवर गुलाबाच्या फुलावर लिहिलेली वीस वचनं येतात ना, ती पुढे पाठवण्यापलीकडे कुणाच्या उपयोगी पडलेली मी पाहिली नाहीत. त्यातलं एक कागदावर स्वतःच्या हातानं लिहा आणि औषधांच्या डब्यावर चिकटवा.

कुठली स्तोत्रं? आनंदाची नकोत, आत्ता नकोत. 13 वं घ्या, ते "कोठवर" असं देवाला विचारत सुरू होतं. 42 वं घ्या, त्यात माणूस स्वतःच्याच जिवाशी बोलतो, तू का खिन्न झालास म्हणून. आणि फारच अंधार असेल तेव्हा 88 वं. सगळ्या स्तोत्रसंहितेत एवढं काळंकुट्ट दुसरं स्तोत्र नाही. बाकीची बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठं तरी आशेकडे वळतात, हे वळत नाही. मित्र दूर गेले, अंधार उरला, एवढं म्हणून थांबतं. मला या स्तोत्राचा मोठा आधार वाटतो. ज्याच्याकडे शेवटी जोडायला "तरीही स्तुती करीन" नव्हतं, त्याचीही प्रार्थना पवित्र शास्त्रात ठेवली गेली, मंदिरात गायली गेली. ती ज्याला उद्देशून आहे, त्याच्याकडे तो रात्रंदिवस ओरडतो आहे. एवढाच विश्वास त्या स्तोत्रात आहे आणि तेवढा पुरला. मनातल्या मनात वाचवत नसेल तर सासूबाईंच्या पलंगाशी मोठ्यानं वाचा. झटक्यानंतर बोलणं गेलं तरी पाठ असलेली गाणी आणि प्रार्थना पुष्कळांच्या ओठांवर येतात. जुनी भजनं लावून बघा. दीड वर्ष नीट बोलता न आलेल्या सासूबाई ध्रुवपदाला सूर लावतील, अगदीच अशक्य नाही. त्याही एकट्या पडल्या आहेत.

पुण्याला मुलाकडे जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं. तिथल्या मुक्ति मिशनच्या पंडिता रमाबाई आपल्याला पराक्रमी बाई म्हणून माहीत आहेत, पण त्यांची माणसं कशी एकामागून एक गेली ते बघा. दुष्काळात आईवडील, मग भाऊ, 1882 मध्ये नवरा. आणि शेवटी, जिच्यावर संस्था सोपवायची होती ती एकुलती मुलगी मनोरमा 1921 च्या जुलैत. रमाबाई स्वतः 5 एप्रिल 1922 ला गेल्या. त्या शेवटच्या महिन्यांतही पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी हातचं सोडलं नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून, ओळ ओळ. दोरी वळणं म्हणतात ते हेच. त्यांचं मोठेपण तुम्ही गाठावं म्हणून हे सांगत नाही. दुःखात माणूस पुढच्या ओळीपुरतं काम करू शकतो, आणि देवाला तेवढं चालतं, एवढ्यासाठी सांगते.

आता एक गोष्ट नर्स म्हणून, अगदी सरळ. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, वेळ मिळूनही झोप लागत नसेल, भूक गेली असेल, आपण कुचकामी आहोत असं सारखं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर औषध आहे. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस ही सरकारी फोनसेवा आहे, क्रमांक 14416, दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि जीव द्यावा असं मनात आलं तर उद्याची वाट बघू नका. त्याच घटकेला 14416 किंवा 112 लावा आणि यजमानांना बोलावून घ्या. गोळी घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास, असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा की चष्मा कशाला लावता.

याच ओघात दुसरा इशारा. अशा घरांचा वास काही लोकांना लागतो. घरात शाप आहे, कुणाचं तरी पाप लपलेलं आहे, इतके पैसे पाठवा म्हणजे अभिषेकाचं तेल पाठवतो, औषधं बंद करा आणि विश्वास धरा. असं म्हणणारा फोनवर असो की दारात, त्याला आत घेऊ नका. झटक्यानंतरची रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद झाल्यावर काय होतं ते मी वॉर्डात पाहिलेलं आहे. ईयोबाच्या मित्रांनीही त्याच्या दुःखाचं कारण त्याच्या पापात शोधलं, आणि शेवटी देवाचा राग त्या मित्रांवर झाला.

या आठवड्यात एवढंच करा. मंडळीतल्या तीन बायकांची नावं काढा, जवळच्याच असायला हव्यात असं नाही. पहिलीला हा निरोप पाठवा, असाच्या असा पाठवलात तरी चालेल: "सलाम. सासूबाईंना सोडून मला बाहेर पडता येत नाही आणि मी फार थकले आहे. येत्या गुरुवारी चार ते सहा तुम्ही आमच्याकडे येऊन त्यांच्याजवळ बसाल का? काही आणू नका." ती नाही म्हणाली तर मनाला लावून न घेता दुसरीला पाठवा, मग तिसरीला. तिघीही नाही म्हणाल्या तर पाळकांना फोन करून हेच वाक्य त्यांना वाचून दाखवा आणि नाव त्यांनाच सुचवू द्या. कुणी हो म्हणाली की त्याच फोनवर पुढचा गुरुवारही ठरवून टाका, कारण एकदाच झालेली भेट म्हणजे पाहुणचार होतो. आणि ती आली की तिच्यासाठी चहा टाकत बसू नका. पातेलं कुठं आहे, साखर कुठं आहे ते दाखवा आणि आत जाऊन झोपा.